आतड्याच्या कर्करोगानंतरचे रोजचे जगणे: ते मोजावे कसे, सांगावे कसे आणि सुधारावे कसे

मोठे आतडे किंवा मलाशय यांच्या कर्करोगावर उपचार घेतलेली व्यक्ती ठरल्या दिवशी तपासणीला जाते, तेव्हा त्या भेटीचा बहुतेक वेळ स्कॅनचा अहवाल, रक्तातील सीईएचे (आजार उलटला का हे पाहण्यासाठी मोजल्या जाणाऱ्या प्रथिनाचे) प्रमाण आणि पुढची तारीख यांतच संपतो. 'बाकी कसे आहे?' असे डॉक्टर विचारतात, 'ठीक आहे' असे उत्तर मिळते आणि भेट आटोपते. रात्रीतून चार वेळा शौचाला उठावे लागते, बाहेर जायचे असेल त्या दिवशी सकाळपासून काही खाल्ले जात नाही, सदऱ्याची बटणे बोटांना लावता येत नाहीत, जोडीदार वेगळ्या खोलीत झोपू लागला आहे, हे सारे त्या 'ठीक आहे'खाली झाकले जाते.

२०२२ या एका वर्षात जगभरात या कर्करोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले. नव्या रुग्णांच्या संख्येत हा कर्करोग तिसऱ्या क्रमांकावर, तर मृत्यूंच्या संख्येत दुसऱ्या क्रमांकावर आहे. मात्र वेळेत निदान झालेल्यांपैकी पुष्कळ जण उपचारांनंतर दीर्घ काळ जगतात, आणि त्या वर्षांत त्यांचे दिवस कसे जातात हा प्रश्न गाठीच्या आकाराइतकाच वैद्यकीय आहे. माझे स्पष्ट मत असे की, या आजारात मागे उरणाऱ्या बहुतेक त्रासांवर काही ना काही उपाय असतो. परंतु तो त्रास मोजून, नेमक्या शब्दांत, न लाजता सांगितला गेला तरच तो उपाय रुग्णापर्यंत पोहोचतो. पुढील पायऱ्या त्यासाठीच आहेत. औषधांची मात्रा ठरवणे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे काम असल्यामुळे ती येथे दिलेली नाही.

पहिली पायरी: उपचारांपूर्वीची स्थिती लिहून ठेवणे

शस्त्रक्रिया, केमोथेरपी किंवा किरणोपचार सुरू होण्याआधी एक पान लिहावे. दिवसातून किती वेळा शौच होते, रात्री उठावे लागते का, लघवीवर ताबा कसा आहे, न थांबता किती चालता येते, झोप किती लागते, वजन किती आहे, लैंगिक संबंधांत काही अडचण आहे का, एवढे पुरे. हे पान नसेल, तर सहा महिन्यांनी 'पूर्वी असे नव्हते' एवढेच सांगता येते आणि नेमके काय बदलले हे कोणालाच ठरवता येत नाही.

याच टप्प्यावर तीन गोष्टी विचारून घ्याव्यात, कारण नंतर त्यांची वेळ निघून जाते. पुढे मूल हवे असेल, तर शुक्राणू, बीजांड किंवा भ्रूण गोठवून ठेवण्याची सोय उपचारांआधीच करावी लागते. ओटीपोटावरील किरणोपचारांमुळे बीजकोशांचे कार्य कायमचे थांबू शकते. स्टोमा, म्हणजे मल पिशवीत जमा व्हावा म्हणून आतडे पोटावर आणून केलेले तोंड, होण्याची शक्यता असेल, तर पोटावरची त्याची जागा शस्त्रक्रियेपूर्वीच आखून घ्यावी. आणि गाठ मलाशयात खाली असेल, तर नंतर शौचावरचा ताबा कितपत राहील, हा प्रश्न शल्यविशारदांना थेट विचारावा.

दुसरी पायरी: मोजण्याची साधने ओळखून वही ठेवणे

जीवनाची गुणवत्ता मोजता येत नाही, असा समज आहे. तो खरा नाही. त्यासाठी तपासून सिद्ध झालेल्या प्रश्नावल्या आहेत. युरोपातील कर्करोग संशोधन संघटना ईओआरटीसी हिची क्यूएलक्यू-सी३० ही प्रश्नावली १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती सर्व प्रकारच्या कर्करोगांत वापरली जाते. तिच्या ३० प्रश्नांत शारीरिक क्षमता, नेहमीची कामे, भावना, एकाग्रता व स्मरणशक्ती आणि सामाजिक जीवन यांबरोबरच थकवा, वेदना, मळमळ, झोप, भूक, बद्धकोष्ठता, जुलाब आणि पैशांची ओढाताण यांचीही विचारणा असते. तिला जोडून क्यूएलक्यू-सीआर२९ ही २९ प्रश्नांची खास आतड्याच्या कर्करोगाची प्रश्नावली भरतात, आणि तिच्यात शौच, लघवी, स्टोमा, स्वतःच्या शरीराविषयी वाटणारी भावना व लैंगिक अडचणी यांविषयी प्रश्न असतात.

गुण ० ते १०० या पट्टीवर काढतात. क्षमतांच्या विभागात जास्त गुण म्हणजे चांगली स्थिती, तर लक्षणांच्या विभागात जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. हा फरक लक्षात न घेतल्यास निष्कर्ष उलटा निघतो. साधारण १० गुणांचा फरक रुग्णाला स्वतःला जाणवण्याइतका मानला जातो. तुमच्या उपचार केंद्रात अशी प्रश्नावली भरून घेत असतील, तर ती घाईने भरू नये आणि मागच्या वेळचे गुण मागून पाहावेत.

प्रश्नावली मिळाली नाही, तरी घरी वही ठेवता येते. आठवड्यातील एक वार ठरवून त्या दिवशी पुढील नोंदी कराव्यात: दिवसा व रात्री मिळून शौचाच्या सरासरी खेपा, आवरता न आल्यामुळे कपडे खराब झाल्याचे प्रसंग, वेदना व थकवा यांना ० ते १० पैकी एकेक आकडा, झोपेचे तास आणि वजन. शेवटी एक वाक्य लिहावे: 'या आठवड्यात आजारामुळे कोणती गोष्ट करायची राहून गेली?' माझ्या मते हे वाक्य सर्व आकड्यांहून मोलाचे आहे, कारण उपाय कशावर शोधायचा ते त्यातून कळते. 'थकवा ६' या नोंदीतून फारसे उमगत नाही. 'मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाला गेलो नाही, कारण तिथे शौचालय कुठे असेल ते माहीत नव्हते' या नोंदीतून सगळे उमगते.

अशा नोंदींचा उपयोग केवळ मनाच्या समाधानापुरता नाही. कर्करोग पसरलेल्या ७६६ रुग्णांवरील, २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही जणांनी केमोथेरपीच्या काळात आपली लक्षणे संगणकावर नियमितपणे कळवली आणि लक्षण बिघडताच परिचारिकांना सूचना मिळत गेली. या गटाचा मध्यम जीवनकाल (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ३१.२ महिने होता, तर नेहमीची देखरेख असलेल्या गटाचा २६ महिने. त्या अभ्यासात आतड्याच्या कर्करोगाचे रुग्ण नव्हते, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे येथे लावता येणार नाहीत. पण लक्षण लवकर कळले तर लवकर हाताळले जाते, हे तत्त्व येथेही तितकेच लागू पडते.

तिसरी पायरी: शौचाच्या तक्रारींना नाव देणे

सर्वाधिक दडवला जाणारा त्रास हा, आणि म्हणून येथे थोडे थांबू. मलाशय ही केवळ नळी नाही. ती मल साठवून ठेवणारी, आत आलेला मल आहे की वायू हे ओळखणारी आणि योग्य वेळ येईपर्यंत वाट पाहणारी पिशवी आहे. गाठीसह ती काढून वरचे आतडे खाली जोडले जाते, तेव्हा जोडलेल्या भागात ना तेवढी जागा असते, ना ती जाण. शस्त्रक्रियेत मज्जातंतूंना आणि गुदद्वाराभोवतीच्या झडपेसारख्या स्नायूंना इजा झालेली असू शकते, आणि किरणोपचारांनी ऊती ताठर होतात. परिणामी एकदम घाई होते, वायू आवरत नाही, एका तासात तीन-चार वेळा जावे लागते आणि तरीही पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही.

या लक्षणसमूहाला लो अँटिरिअर रिसेक्शन सिंड्रोम, थोडक्यात लार्स, असे म्हणतात. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१२ मध्ये त्यासाठी पाच प्रश्नांची गुणपद्धती प्रसिद्ध केली: वायूवर ताबा राहतो का, पातळ मल आवरता येतो का, दिवसातून किती वेळा जावे लागते, एकदा जाऊन आल्यावर तासाभरात पुन्हा जावे लागते का, आणि शौचालयाकडे धावत जावे लागेल अशी घाई होते का. एकूण गुण ४२. २० पर्यंत लार्स नाही, २१ ते २९ सौम्य, ३० ते ४२ तीव्र. मलाशयाचा भाग काढून आतडे जोडलेल्या १०० पैकी सुमारे ४० जणांना तीव्र लार्स असल्याचे आढळते. म्हणजे हा त्रास तुमच्या एकट्याच्या शरीराचा दोष नव्हे. तो शस्त्रक्रियेचा माहीत असलेला परिणाम आहे. 'मला लार्सचे ३४ गुण आहेत' असे सांगितले, की डॉक्टरांना ते ऐकून सोडून देता येत नाही.

उपाय पायरीपायरीने करावेत आणि प्रत्येकाला काही आठवडे द्यावेत. आधी दोन आठवडे आहार आणि शौच यांची वेळेनुसार शेजारी-शेजारी नोंद करावी. कोणत्या पदार्थाने घाई होते हे प्रत्येकाचे वेगळे असते, आणि दुसऱ्याची यादी पाहून दहा पदार्थ सोडल्याने फक्त वजन उतरते. इसबगोलासारखे पाण्यात फुगणारे तंतू पातळ मलाला आकार देतात, त्यामुळे अपुऱ्या-अपुऱ्या खेपा एकत्र येण्यास मदत होते. आतड्याची गती कमी करणारे लोपेरामाइड हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने जेवणापूर्वी घेतल्यास अधिक उपयोगी पडते. मात्र ताप असताना, मलातून रक्त जात असताना किंवा आतडे अडकल्याची शंका असताना ते स्वतःहून घेऊ नये.

एवढ्याने भागले नाही, तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे प्रशिक्षण देणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जावे. केवळ स्नायू आवळणे पुरेसे नसते. तो योग्य वेळी सैल सोडणेही शिकावे लागते, आणि ते छापील कागदावरून सहसा साधत नाही. त्यापुढची पायरी म्हणजे गुदद्वारातून कोमट पाणी सोडून आतडे ठरावीक वेळी रिकामे करण्याची पद्धत. ती प्रशिक्षित परिचारिकेकडूनच शिकावी आणि शल्यविशारदांची परवानगी घेतल्यानंतरच करावी. ती जमली, तर पुढचे अनेक तास, कधी पूर्ण दिवस, बिनघोर जातो. काही निवडक रुग्णांना त्रिकास्थीजवळच्या (कण्याच्या तळाच्या हाडाजवळच्या) मज्जातंतूंना सौम्य विद्युत् उद्दीपन देणारे उपकरण बसवतात. पहिल्या वर्षभरात बरीच सुधारणा आपोआप होते. दीड-दोन वर्षांनंतर मात्र शरीर स्वतःहून आणखी सुधारेल या आशेवर थांबून राहू नये. सगळे करूनही दिवस शौचालयातच जात असेल, तर कायमचा स्टोमा हा विचार करण्याजोगा पर्याय आहे आणि तो निवडणे म्हणजे हार मानणे नव्हे.

आतड्याचा उजवा भाग किंवा लहान आतड्याचे टोक काढले असेल आणि पाणीदार जुलाब थांबत नसतील, तर कारण वेगळे असू शकते. पित्ताम्ले लहान आतड्याच्या टोकाशी पुरेशी शोषली गेली नाहीत, तर ती मोठ्या आतड्यात उतरून पाणी खेचतात. त्यावर कोलेस्टिरामिनसारखी पित्ताम्ले बांधून ठेवणारी औषधे आहेत, म्हणून 'हे पित्ताम्लांमुळे असेल का?' एवढा प्रश्न जरूर विचारावा. लहान आतड्याच्या त्याच टोकाशी बी१२ हे जीवनसत्त्वही शोषले जाते. मोठा तुकडा काढला असल्यास त्याची रक्ततपासणी ठराविक काळाने करून घ्यावी.

चौथी पायरी: स्टोमासह घडी बसवणे

स्टोमा असलेल्यांचे जगणे नेहमीच अधिक कठीण असते, असे सर्वांनाच वाटते. परंतु कायमचा स्टोमा झालेले आणि आतडे जोडून दिलेले अशा मलाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांची तुलना करणारे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या, कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात, स्टोमा नसलेल्यांची जीवनाची गुणवत्ता निश्चितपणे चांगली असते असा ठाम निष्कर्ष काढता आला नाही. याचे एक कारण वर सांगितलेल्या लार्समध्ये असावे, असे मला वाटते.

शस्त्रक्रियेपूर्वी जागा आखताना रुग्णाने उभे राहून, बसून आणि वाकून दाखवावे. जागा स्वतःच्या डोळ्यांना दिसेल अशी, घड्या, जुने व्रण आणि कमरपट्ट्याची रेषा टाळून असावी. जागा चुकली, तर पिशवी गळते. गळाली, की त्वचा सोलवटते. त्वचा सोलवटली, की पिशवी चिकटत नाही. हे चक्र घराबाहेर पडणे बंद करते.

निरोगी स्टोमा लालसर-गुलाबी आणि ओलसर असतो. त्याला स्पर्शाने वेदना होत नाही, आणि पुसताना थोडे रक्त येणे चिंतेचे नसते; तो जांभळा किंवा काळा पडला, तर मात्र लगेच रुग्णालय गाठावे. पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत त्याची सूज उतरून आकार कमी होतो, म्हणून या काळात दर आठवड्याला माप घ्यावे आणि पिशवीच्या त्वचेला चिकटणाऱ्या तबकडीचे छिद्र स्टोमापेक्षा २ ते ३ मिलिमीटरच मोठे कापावे. छिद्र आधीच्याच मापाचे ठेवल्याने त्वचेवर मल साचणे ही नेहमीची चूक असते. सभोवतालची त्वचा साध्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी आणि तेलकट मलम लावू नये, कारण त्यावर तबकडी धरत नाही. पिशवी एक तृतीयांश भरताच रिकामी करावी. रुग्णालयातून घरी जाण्याआधी पिशवी बदलण्याचे पूर्ण काम रुग्णाने स्वतःच्या हातांनी, परिचारिकेच्या देखत, किमान दोनदा केलेले असावे, असा आग्रह धरावा.

लहान आतड्याचा स्टोमा, म्हणजे इलिओस्टोमी, असलेल्यांनी पाण्याबाबत विशेष सावध राहावे. पिशवीत दिवसाला दीड लिटरपेक्षा अधिक द्रव येऊ लागला, तर शरीरातील पाणी आणि मीठ झपाट्याने घटते, आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. अशा वेळी तहान लागते म्हणून माणूस साधे पाणी पीत राहतो, आणि त्यानेच पिशवीत येणाऱ्या द्रवाचे प्रमाण वाढते. कारण मीठ नसलेले पाणी लहान आतड्यात पोहोचले, की आतड्याच्या भिंतीतून सोडियम बाहेर ओढले जाते आणि त्यामागून पाणीही जाते. म्हणून साध्या पाण्याचे प्रमाण आवरून मीठ आणि ग्लुकोज असलेले क्षारसंजीवनीचे द्रावण घोटाघोटाने प्यावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. लघवी कमी व गडद होणे, उठताना चक्कर येणे, पायांत गोळे येणे या खुणा ओळखून ठेवाव्यात. सावकाश विरघळणाऱ्या किंवा वेष्टन असलेल्या गोळ्या पिशवीत अख्ख्या दिसल्या, तर त्या बदलून घ्याव्यात.

मोठ्या आतड्याचा स्टोमा असलेल्या काही जणांना स्टोमातून ठरावीक वेळी पाणी सोडून आतडे धुण्याची पद्धत शिकता येते. जमल्यास मधल्या वेळेत लहानसे झाकण लावून भागते. स्टोमाजवळ हर्निया होणे ही नेहमी दिसणारी गुंतागुंत आहे, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे जड वजन उचलू नये आणि पोटाचे व्यायाम सल्ल्यानुसार हळूहळू वाढवावेत. स्टोमा तात्पुरता असेल, तर बंद करण्याचा अंदाजे महिना विचारून लिहून ठेवावा आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम स्टोमा बंद करण्याच्या आधीपासूनच सुरू करावेत.

पाचवी पायरी: केमोथेरपीचे परिणाम वेळेत सांगणे

ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाने थंड वस्तूंना हात लावताना किंवा थंड पिताना मुंग्या येतात. हा परिणाम काही दिवसांत ओसरतो. दुसरा परिणाम साठत जाणारा असतो: हातापायांची बोटे बधिर होतात, बटणे लावणे, लिहिणे, नाणी ओळखणे जमेनासे होते. औषध थांबवल्यानंतरही तो काही महिने वाढू शकतो, आणि हे आधी सांगितलेले नसेल, तर रुग्ण घाबरून जातो. पुढची मात्रा कमी होईल किंवा रोखली जाईल या भीतीने पुष्कळ जण बधिरपणा लपवतात. तसे करू नये. तिसऱ्या टप्प्यातील आतड्याच्या कर्करोगाच्या १२,८३४ रुग्णांच्या सहा चाचण्यांची एकत्रित माहिती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत मध्यम ते तीव्र बधिरपणा ६ महिने उपचार घेतलेल्यांत १०० पैकी ४५ ते ४८ जणांना, तर ३ महिने घेतलेल्यांत १४ ते १७ जणांनाच झाला, आणि कमी धोक्याच्या गटात, विशेषतः कॅपेसिटाबिन या केमोथेरपीच्या गोळ्यांसह ऑक्सॅलिप्लॅटिन घेतलेल्यांत, ३ महिन्यांचे उपचार जवळपास तितकेच परिणामकारक दिसले. 'माझ्यासाठी ३ महिने पुरेसे आहेत का?' हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. वेदनायुक्त बधिरपणावर ड्युलोक्सेटिन या औषधाचा काही जणांना उपयोग होतो. तोवर पाय बधिर असताना अनवाणी चालू नये, आंघोळीचे पाणी कोपराने तपासावे आणि रात्री वाटेत दिवा ठेवावा.

कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. त्यावर युरियायुक्त मलम सुरुवातीपासून वापरावे. या गोळ्या चालू असताना नेहमीपेक्षा दिवसाला चार किंवा अधिक खेपा वाढल्या, रात्री जुलाब झाले किंवा छातीत दुखले, तर पुढची गोळी न घेता उपचार केंद्राला कळवावे. छातीत दुखत असल्यास थेट रुग्णालय गाठावे. केमोथेरपी घेत असताना ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप आला, तर सकाळची वाट पाहू नये. रात्री असो वा सुट्टीचा दिवस, तत्काळ रुग्णालयात जावे.

सहावी पायरी: थकव्याचे कारण शोधून चालणे सुरू करणे

थकवा हा आजाराचाच भाग म्हणून सोडून देण्याआधी रक्तक्षय, थायरॉइड, झोप, वेदना, नैराश्य आणि चालू औषधे यांची तपासणी करून घ्यावी. कारण सापडले तर उपचार सोपा असतो. सापडले नाही, तर सर्वांत भक्कम पुरावा व्यायामाच्या बाजूने आहे, जरी थकलेल्या माणसाला हे ऐकायला नकोसे वाटते.

२०२५ मध्ये चॅलेंज या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी पूर्ण केलेल्या, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांपैकी अर्ध्यांना तीन वर्षे व्यायामाचे मार्गदर्शन मिळाले आणि उरलेल्यांना केवळ आरोग्यविषयक माहिती. पाच वर्षांनंतर आजार न उलटता जगणाऱ्यांचे प्रमाण व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ७३.९ टक्के होते, आणि शारीरिक क्षमतेविषयीचे गुणही व्यायामाच्या गटात सुधारले. आधीच्या हालचालीत आठवड्यातून तीन-चार वेळा, पाऊण ते एक तास भरभर चालण्याइतकी भर घालणे, हे तेथील उद्दिष्ट होते. मात्र तिथवर पोहोचायला त्या रुग्णांना महिने दिले गेले होते आणि सोबत मार्गदर्शक होता. दहा मिनिटांच्या चालण्याने सुरुवात करावी, दर आठवड्याला थोडे वाढवावे आणि वाईट दिवशी पाच मिनिटे का होईना चालून यावे. शौचाची घाई होत असेल, तर सुरुवातीला घराजवळच फेऱ्या माराव्यात.

सातवी पायरी: जे बोलले जात नाही ते बोलणे

ओटीपोटातील शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांमुळे मूत्राशय आणि जननेंद्रिये यांच्या मज्जातंतूंना इजा होऊ शकते. पुरुषांत ताठरता येत नाही किंवा वीर्य बाहेर पडत नाही. स्त्रियांत योनीमार्ग कोरडा आणि अरुंद होतो, संबंध वेदनादायक होतात आणि रजोनिवृत्ती अकाली येऊ शकते. ताठरतेसाठी गोळ्या, इंजेक्शने आणि निर्वात पंप आहेत. योनीमार्गासाठी वंगण, स्थानिक संप्रेरके आणि किरणोपचारांनंतर वापरायचे विस्फारक आहेत. उपचार जितके लवकर सुरू होतील तितके बरे. अडचण इतकीच, की हा विषय डॉक्टर क्वचितच स्वतःहून काढतात आणि रुग्ण तर काढतच नाही. तोंडाने विचारणे जमत नसेल, तर चिठ्ठीवर 'लैंगिक अडचणींविषयी बोलायचे आहे' असे लिहून ती पुढे करावी. अविवाहित, वयस्कर किंवा जोडीदार गमावलेल्या व्यक्तींना हा प्रश्न नसतोच असे गृहीत धरले जाते, आणि ते अन्यायाचे आहे.

मनाचेही मापन करता येते. गेल्या आठवड्यातील मानसिक ताणाला ० ते १० पैकी एक आकडा द्यावा. ४ किंवा अधिक आकडा आल्यास समुपदेशकाची किंवा मानसोपचारतज्ज्ञाची भेट मागावी. आजार उलटण्याची भीती तपासणीच्या आदल्या दिवसांत वाढते. अहवाल कोणत्या दिवशी आणि कोणाकडून कळणार हे आधीच ठरवून घेतले, तर वाट पाहण्याचे दिवस तरी मोजके राहतात. आजार उलटण्याच्या बहुसंख्य घटना पहिल्या तीन वर्षांत घडतात, म्हणूनच या काळात तपासण्या वारंवार असतात. तपासणी लवकर ठेवली म्हणजे डॉक्टरांना काही शंका आहे, असा अर्थ काढू नये.

कामावर परतताना सुरुवातीला कमी तास, शौचालयाजवळची जागा आणि तपासण्यांसाठी रजा या तीन मागण्या लेखी कराव्यात. खर्चाची अडचण पहिल्याच भेटीत वैद्यकीय समाजसेवकाला सांगावी.

आठवी पायरी: भेटीत वही कशी वापरावी

पूर्ण वही डॉक्टरांपुढे ठेवू नये. ती वाचायला त्यांना वेळ नसतो. एका चिठ्ठीवर तीनच ओळी लिहाव्यात: सर्वांत मोठा त्रास आणि त्याचा आकडा, त्यामुळे राहून गेलेली गोष्ट, आणि हवी असलेली मदत. उदाहरणार्थ: 'लार्सचे ३४ गुण. तीन महिने कामावर जाता आलेले नाही. फिजिओथेरपिस्टकडे पाठवावे.' ही चिठ्ठी भेटीच्या सुरुवातीलाच, स्कॅनची चर्चा सुरू होण्याआधी द्यावी. नवा उपाय सुरू झाला, की त्याचा परिणाम किती आठवड्यांनी पाहायचा आणि न झाल्यास पुढे काय करायचे, हे तिथेच विचारून तिच्यावर लिहून घ्यावे.

आजार पसरलेला असेल तेव्हा

आजार यकृतात किंवा अन्यत्र पसरलेला असेल, तर वेदना व लक्षणे सांभाळणाऱ्या परिहार सेवेच्या तज्ज्ञांची भेट उपचार चालू असतानाच मागावी. ही सेवा फक्त अखेरच्या दिवसांसाठी असते, हा समज अनेकांचे कित्येक महिने विनाकारण वेदनेत घालवतो. केमोथेरपीला मध्येच विश्रांती देता येईल का, पुढच्या औषधाने किती काळ मिळण्याची शक्यता आहे आणि त्या काळातील किती दिवस रुग्णालयात जातील, हे तिन्ही प्रश्न एकत्र विचारावेत, कारण पहिल्या दोहोंची उत्तरे तिसऱ्याशिवाय अपुरी असतात. रुग्णाला काय महत्त्वाचे वाटते, कोणाला भेटायचे आहे, कोणते काम पुरे करायचे आहे, कोणता उपचार नको आहे, हे त्याच्याच शब्दांत वहीच्या पहिल्या पानावर लिहावे आणि मत बदलले तर खोडून नवे लिहावे.

या टप्प्यावर वहीतल्या नोंदी पुष्कळदा घरची माणसे करू लागतात. त्यांचाही थकवा आणि झोप यांची नोंद वेगळ्या पानावर असावी, कारण सांभाळणारी व्यक्ती कोलमडली, तर घरी राहणेच अशक्य होते. मात्र एक काळजी घ्यावी. जवळची माणसे रुग्णाच्या जगण्याविषयी स्वतः रुग्णापेक्षा अधिक निराशेचे उत्तर देतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. म्हणून रुग्ण बोलू शकत असेल तोवर प्रत्येक प्रश्न आधी त्यालाच विचारावा, त्याने दिलेला आकडाच लिहावा, आणि तो आकडा आपल्याला पटला नाही, तर आपला आकडा त्याच्यावर न गिरवता, शेजारी, आपल्या नावाने लिहावा.